सलमाबादचा पुदिना आणि माझं नाक

बहारीनमध्ये तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "वास घेत होते." मग समोरचा हसतो, आमचे हे कपाळाला आठी घालतात आणि घाईघाईने सांगतात, "ती क्वालिटीला होती हो, फूड कंपनीत." यांना आयुष्यभर वाटत आलंय की वास घेणं ही काही सांगण्यासारखी नोकरी नव्हे. हे स्वतः मुहर्रकला विमानतळावर कार्गोमध्ये होते, तिथे सगळं वजनावर चालायचं. माझ्याकडे वजनकाटा नव्हता. नाक होतं आणि ते गुहागरचं होतं.

खरं म्हणजे मी टायपिस्ट म्हणून लागले होते. अबू जासिम नावाचा एक म्हातारा बहारिनी व्यापारी होता. सलमाबादला गॅरेजांच्या आणि लाकडाच्या वखारींच्या गर्दीत त्याचं एक गोडाऊन होतं. तिथे तो पुदिना सुकवून, पाकिटं भरून, कोल्ड स्टोअर्सना विकायचा. कोल्ड स्टोअर म्हणजे तिथलं वाण्याचं दुकान, गल्लोगल्ली असतं. माझं टेबल सुकवायच्या खोलीच्या दाराशी होतं. एकदा टाइप करता करता मी मान वर न करता म्हटलं, "आजचा पुदिना टिकणार नाही." मला कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता बोलायची माझी सवय जुनी आहे. दोन दिवसांनी ती पाकिटं खरोखरच बुरसली. अबू जासिमने माझा टाइपरायटर दुसऱ्याला दिला आणि मला आत पाठवलं.

आत म्हणजे काय ते सांगते, कारण पुदिना सुकवणं म्हणजे उन्हात टाकून विसरून जाणं, असं सगळ्यांना वाटतं. बहारीनच्या उन्हात टाकला तर दुपारपर्यंत त्याचा रंग विडीच्या पत्तीसारखा तपकिरी होतो आणि वास उडून जातो. म्हणून खोली अंधारी. जाळीचे ट्रे मांडलेल्या घडवंच्या, दोन मोठे पंखे, आणि कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र. एका हॉटेलच्या लाँड्रीतून ते जुनं घेतलं होतं. त्याला सगळे 'पाणीवालं मशीन' म्हणायचे. पाल्यातलं पाणी हवेत जायचं, हवेतलं मशीनमध्ये, आणि मशीनच्या पोटातून नळीवाटे बाहेर पडायचं. काडी मोडली की कट्ट असा आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर पुन्हा ट्रेमध्ये.

वासांचं म्हणाल, तर सुकताना बिघडलेला पाला तीन तऱ्हांनी बोलतो. वाळल्या गवताचा वास आला, म्हणजे तुम्ही घाई केलीत. उष्णता जास्त झाली, पान वरून कुरकुरीत झालं आणि आतला हिरवटपणा आतच अडकला. उष्णता कमी करा, सावकाश घ्या. बाळाच्या ओल्या दुपट्यासारखा, डोळ्यांत जाणारा वास आला, म्हणजे पाला ओला आणि दाटीत आहे, कुजायला लागलाय. लवकर कळलं तर विरळ पसरा, वारा द्या, वाचतो. आणि बंद ट्रंकेचा कुबट वास आला की बुरशी. त्यावर उपाय नाही, फेकून द्या आणि मालकाशी भांडायला तयार राहा. आमसुलं आणि फणसपोळ्या घातलेल्या बाईला यात नवं काही नव्हतं. नवं इतकंच होतं की इथे त्याचा पगार मिळत होता.

एकदा मात्र माझं नाकही चक्रावलं. सगळ्या पुदिन्याला अत्तराच्या दुकानाचा वास. शोधलं तेव्हा कळलं, हॉटेलचं मोठं गिऱ्हाईक गोडाऊन बघायला येणार म्हणून अबू जासिमने स्वतः हातात धुपाटणं घेऊन सगळीकडे बखूर फिरवला होता. पाहुणा आला की उदाचा धूर करणं हा तिथला मान. सुकणाऱ्या पाल्यालाही तो मान मिळाला आणि त्याने तो मनापासून घेतला. हॉटेलवाले चहा न पिता गेले. पण मुहर्रकची उम्म हसन नावाची एक म्हातारी होती, गाडी घेऊन थेट गोडाऊनवर यायची, पाकिटं फोडून हुंगायची आणि आवडलं नाही तर फोडलेलं पाकीट तिथेच ठेवून जायची. तिने तो सगळा माल उचलला. पुढे कित्येक महिने ती मला विचारायची, "तो बखूरवाला पुदिना पुन्हा कधी करणार?" तिच्या मागून मुहर्रकची निम्मी घरं आमचा माल घेत, म्हणून मी दर वेळी "इंशाल्ला" म्हणायची.

आणखी एक गंमत. यांच्या ओळखीच्या एकाबरोबर मी माहेरी पुदिन्याची पिशवी पाठवली. मुंबईला कस्टमवाल्याने ती उघडली, हिरवा सुका चुरा बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "गांजा?" त्या बिचाऱ्याने घाबरून तिथेच गरम पाणी मागवलं आणि त्याला पुदिन्याचा चहा करून पाजला. परत आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, यापुढे खजूर पाठवा."

आता मुख्य गोष्ट. तिच्यात बशीरभाई आहेत.

बशीरभाई राजापूरचे. सुकवायच्या खोलीचे फोरमन, माझ्याआधीपासूनचे. उंच, किडकिडीत, दाढी मेंदीने लाल केलेली. पाच वेळचा नमाज कधी चुकवायचे नाहीत आणि डब्यातली सुकटीची चटणीही कधी चुकवायचे नाहीत. काडी मोडताना ती कानाशी धरायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. मला वहिनी म्हणायचे, आणि माझ्या नाकावर त्यांचा त्यांच्या कानाइतकाच विश्वास होता.

त्या वर्षी रमजान थंडीच्या शेवटी येणार होता. रमजान म्हणजे आमची दिवाळी. इफ्तारनंतर घरोघरी पुदिन्याचा चहा, सॅलडवर पुदिना, सूपमध्ये पुदिना. ऑर्डरी आधीच आलेल्या. आणि नेमका रमजानच्या आधीच्या महिन्यात पुदिना बिघडायला लागला. ओल्या दुपट्याचा वास, आणि त्याच्या मागे शेवाळासारखं काहीतरी चिकट. सगळी थंडी उत्तम माल दिलेली तीच खोली, तेच ट्रे, तेच हात.

हातांवरच संशय गेला. अबू जासिमचा पुतण्या फैसल नुकताच धंद्यात लक्ष घालायला लागला होता. वाईट मुलगा नव्हता, पण त्याला पाल्यात रस नव्हता. गोडाऊनमध्ये टायर ठेवावेत, टायर कुजत नाहीत, हे त्याचं म्हणणं, आणि तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं. त्याने एक पाकीट हुंगलं, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "मछली." मग बशीरभाईंच्या डब्याकडे बघितलं. झालं. त्या दिवसापासून पुदिन्याच्या वासाचं नाव सुकट पडलं.

मला असा राग आला! सुकटीचा वास मला कळत नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? मी फैसलला तोंडावर सांगितलं, "ये मछली नहीं है. मछली का बास मेरे को मालूम है, मैं उसी में बडी हुई." तो म्हणाला, "तो क्या है, मॅडम?" मी मूठभर पाला घेऊन पुन्हा हुंगायला लागले.

मग उम्म हसन आली. पाकीट फोडलं, हुंगलं आणि माझ्या टेबलावर उपडं करून निघून गेली. त्याच संध्याकाळी अबू जासिमने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर बशीरभाईंचा पासपोर्ट होता. गल्फमध्ये राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. पासपोर्ट मालकाच्या खणात असतो. तो खणातून टेबलावर आला, की माणूस कॅन्सल. व्हिसा रद्द, सामान बांधा, घरी जा.

अबू जासिमलाही ते जड जात होतं. तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "बशीर, तू अच्छा आदमी. लेकिन शुगल खराब. रमजान का माल खराब, मेरा नाम खराब. एक बार और सुकाओ. अच्छा निकला तो तमाम. नहीं निकला तो खलास, फैसल टायर रखेगा." शुगल म्हणजे काम, आणि तमाम म्हणजे तिथे 'सगळं ठीक'.

बाहेर आल्यावर बशीरभाई गोडाऊनच्या पायरीवर बसले. त्यांची धाकटी मुलगी रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, ती पास होयपरयंत ऱ्हायला मिळालां असतां तरी पुरे होतां." मी म्हटलं, "पास होईल, आणि तुम्ही इथेच असाल." म्हटलं खरं, पण कसं ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीच्या मागे लागले. ज्याच्याकडून पाला यायचा तो बागेवाला बदलला. पाला अर्धाच घातला, इतका विरळ की जाळी दिसत होती. ट्रे सोड्याने घासले. तरी काडी वाकायची, मोडायची नाही. मग मशीनवर संशय घेतला आणि थॉमसला बोलावलं. थॉमस केरळचा, फ्रिज-एसीचा मेकॅनिक, कामात फार चोख. त्याने मशीन उघडलं, साफ केलं, पुन्हा लावलं, नळी मशीनपाशी सोडवून तिच्याखाली बाटली धरून थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन फस्ट क्लास है. पहले से जास्ती पानी निकाल रहा है."

"जास्ती?"

"डबल होगा."

मी आधी खूश झाले आणि कंपनीच्या व्हॅनमध्ये बसून गुदैबियाला घरी निघाले. वाटेत ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. पाला घातला अर्धा. पाणी निघतंय दुप्पट. आणि पाला तर ओलाच आहे, म्हणजे त्याच्यातलं पाणी त्याच्यातच आहे. मग मशीन कुणाचं पाणी पितंय? घरी यांना विचारलं तर म्हणाले, "जेवायला काय आहे?" कार्गोवाल्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

सकाळी मी गेले ती नाक बंद ठेवायचं ठरवून. ओढणीचं टोक नाकावर बांधलं आणि हात पुढे करून खोलीत फिरले. हवा कोमट होती, असायला हवी तशी. पहिल्या घडवंचीपाशी कोमट, दुसऱ्या घडवंचीपाशी कोमट. पण शेवटच्या घडवंचीजवळ पंख्याच्या झोतात उभी राहिले आणि गालाला गार वारा लागला. उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा भिजवून खिडकीला लावतात ना, तसा. सुकवायच्या खोलीत गारवा? तो वारा शेवटच्या घडवंचीमागून येत होता, आणि तिथे मी कधीच गेले नव्हते. तिथे एक जुनी चादर पडद्यासारखी लावून बशीरभाई आणि त्यांची माणसं नमाज पढायची. त्यांची जागा म्हणून मी दुरूनच राहायची.

मी बशीरभाईंना हाक मारली. "मला जरा पडद्यामागे जायचंय. चालेल?" ते गोंधळले, पण म्हणाले, "जा की वहिनी, तुमाला कोण अडवतांय?" मी चपला काढल्या आणि आत गेले.

चटया नीट गुंडाळून ठेवलेल्या. आणि भिंतीशी ओळीने प्लॅस्टिकचे मोठे पसरट टब, पाण्याने भरलेले. प्रत्येकावर स्वच्छ पांढरी मलमल. मलमलीची टोकं पाण्यात बुडालेली, कापड चिंब ओलं, आणि त्याच्यावरून पंख्याचा वारा. मशीनची नळी बाहेर न जाता या पहिल्या टबात सोडलेली.

"बशीरभाई, हे काय?"

"वजूचं पाणी, नमाजाआधी हातपाय धुवायला. मशीनचांच ता. एकदम गोडां, वहिनी! नळाला येतां ता मचूळ, तोंडात घेववत नाय. रमजान आला, माणसां वाढतील, म्हणून जास्ती टब भरून ठेवले. वर झाकलांय पन, पाक ऱ्हावां म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. मशीन बिचारं हवेतलं पाणी ओढत होतं आणि आमचे बशीरभाई तेच पाणी टबात भरून, वर ओली मलमल घालून, पंख्यासमोर ठेवत होते. आम्ही सुकवायच्या खोलीत कूलर बसवला होता. तेच पाणी मशीन पुन्हा ओढत होतं, पुन्हा टबात सोडत होतं. ते मशीन इतके दिवस पुदिना सुकवतच नव्हतं, टब सुकवत होतं. आणि टबांच्या काठांना जी बुळबुळ धरली होती, तिचाच तो मागचा चिकट वास.

मला हसू फुटलं. आणि लगेच मी ते आवरलं, कारण हे दुसऱ्या कुणीही केलं नसतं. चैत्रात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरलेल्या माणसालाच गोडं पाणी मोरीत सोडवत नाही. माझ्या स्वतःच्या गॅलरीत एसीच्या नळीखाली बादली असायची आणि त्यावर मी अळू वाढवलं होतं. त्या टबांत मला माझीच बादली दिसली.

मी समजावून सांगितलं. बशीरभाईंना पटायला वेळ लागला नाही. ते चटईवर बसले. "म्हणजे मीच नासवला माल."

"पाण्याने नासवला," मी म्हटलं. "आणि आता पाणी बाहेर जाणार."

आम्ही टब रिकामे केले नाहीत, उचलून अंगणात नेले. बशीरभाईंनी ते सांडू दिले नाहीतच. काठ पुसून घेतले आणि नळी भिंतीच्या भोकातून बाहेर काढली. ताजा पाला आला तो नेहमीसारखा पूर्ण ट्रे भरून घातला, कारण आता मला भिऊन काम करायचं नव्हतं. तिसऱ्या सकाळी बशीरभाईंनी एक काडी कानाशी धरली. मी बघत होते. कट्ट. त्यांनी दुसरी मोडली. कट्ट. मग ते एकामागून एक काड्या मोडतच सुटले. शेवटी मी ओरडले, "अहो, थोडा माल विकायला ठेवा!"

मी ट्रेमध्ये नाक खुपसलं. थंडगार, गोडसर, डोक्यापर्यंत जाणारा पुदिना. इतका चांगला माल त्या खोलीने त्याआधी कधी दिला नव्हता, हे मी आजही छातीठोक सांगते.

अबू जासिम आणि फैसल आले. अबू जासिमने मूठभर पुदिना हातावर चोळला, हुंगला आणि "माशाल्ला" म्हणाला. मग विचारलं, "प्रॉब्लम क्या था?" मी तोंड उघडायच्या आत बशीरभाई पुढे झाले. आपणच सांगायचं हे त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्यांनी अंगणातले टब दाखवले आणि म्हणाले, "मालिक, मेरा ग़लती. मीठा पानी था. फेंकने को दिल नहीं हुआ."

फैसल म्हणाला, "पानी? पानी के लिए?" अबू जासिमने त्याला हाताने थांबवलं. टबाशी वाकला, ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. पाण्याला पुदिन्याचा वास होता. मग फैसलकडे वळून अरबीत बोलायला लागला. मला थोडं कळलं, थोडं नंतर थॉमसने सांगितलं, तो मशीन बघायला आला होता आणि त्याला अरबी यायची. तो लहान असताना मुहर्रकला त्यांच्या गल्लीत गाढवावरून गोडं पाणी विकायला यायचं. त्याची आई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालायची, आणि एकदा त्याने भांडं लवंडलं तेव्हा तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. "तू नळ उघडतोस," तो पुतण्याला म्हणाला, "म्हणून तुला हा माणूस वेडा वाटतो. मला वाटत नाही."

मग म्हाताऱ्याने बाह्या वर केल्या आणि त्याच टबातल्या पाण्याने तिथेच कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले. ऑफिसात जाऊन त्याने टेबलावरचा पासपोर्ट उचलला आणि खणात टाकून खण बंद केला. त्या खणाच्या आवाजाने मला झालेला आनंद आठवला, की आज थोडं विचित्र वाटतं. आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या खणात गेला म्हणून बशीरभाईंनी डोळे पुसले. तो काळ तसा होता.

रमजानच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या. उम्म हसन आली, पाकीट फोडलं, हुंगलं, दुसरं फोडलं, तेही हुंगलं. तिने दोन्ही पाकिटं आपल्या पिशवीत टाकली आणि वर आणखी एक खोकं मागितलं. जाताना म्हणाली, "बखूरवाल्यापेक्षा चांगला आहे." याच्यापुढे मला कुठल्या सर्टिफिकेटची गरज नव्हती. फैसलने टायरांसाठी दुसरीकडे जागा बघितली आणि ईदला बशीरभाईंच्या डब्यातली सुकटीची चटणी खुबूसच्या रोटीवर घालून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, पण सोडली नाही. बशीरभाईंची मुलगी पास झाली तेव्हा फैसलनेच सगळ्या गोडाऊनला हलवा वाटला.

आणि पाणी? अबू जासिमने मशीनच्या नळीला बाहेर, रस्त्याच्या कडेला एक स्टीलची टाकी लावून दिली. झाकणाची, नळाची. रोज संध्याकाळी आजूबाजूच्या गॅरेजमधली माणसं तिथे वजू करायला रांग लावायची. बशीरभाई ती टाकी आठवड्याला स्वतः घासायचे.

पुढे काही वर्षांनी आम्ही भारतात परतायचं ठरवलं. सामानासाठी खोकी आणायला मी टॅक्सीने सलमाबादला गेले होते. ड्रायव्हर पेशावरकडचा, म्हातारा. टाकी दिसताच त्याने गाडी बाजूला घेतली, उतरून तोंडावर पाणी मारलं, एक बाटली भरून घेतली आणि परत येऊन मोठ्या अदबीने मला म्हणाला, "बहनजी, इस पानी में जन्नत की ख़ुशबू आती है. लोग कहते हैं, किसी वली-पीर की करामत है."

मी म्हटलं, "जानती हूँ उनको. राजापूर के हैं."

त्याने आश्चर्याने मागे वळून बघितलं. "आपने देखा है उनको?"

"रोज देखती हूँ," मी म्हटलं. "सुकट बहुत खाते हैं."